पीक बुडालेल्या वर्षाचा शेतसारा



राबिघमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी कुणाच्याही पगारातून आयकर कापला जात नाही. त्यामुळे आपण कर भरतच नाही, असे गावी फोनवर सहज सांगून जातो. पण दुकानातल्या बिलाची तळाची ओळ एकदा वाचा. २०१८ च्या जानेवारीत इथे ५ टक्के व्हॅट सुरू झाला. तेलाचे भाव कोसळले, त्यात कोविड आला आणि १ जुलै २०२० पासून तो १५ टक्के झाला. तांदळाच्या एका पिशवीवर प्रकल्पातला इंजिनिअर जेवढा कर देतो तेवढाच वेल्डरचा मदतनीसही देतो. पहिल्याच्या पगारात ती रक्कम कुठे गेली हे कळतही नाही. दुसऱ्याने घरी पाठवायच्या पैशातून ती वजा होते.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. अशा फरकावर बोट ठेवून ज्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात अर्थमंत्र्यांना जाब विचारला, त्यांची जयंती आपण दर वर्षी करतो. बाबासाहेबांचे संविधान, चवदार तळे, दीक्षाभूमी यांवर आपण भरपूर बोलतो. पण त्यांचे पहिले शास्त्र सार्वजनिक वित्त हे होते. सरकारने पैसा कुणाकडून घ्यावा आणि कुणासाठी खर्च करावा, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. दुष्काळ, पूर आणि वाढत्या उष्म्याच्या आजच्या दिवसांत त्यांचे आयुष्य याच बाजूने पाहू या.

सुरुवात दुष्काळापासूनच करावी लागते. भीमराव दहा वर्षांचे होते आणि कुटुंब साताऱ्यात राहत होते. लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ तेव्हा खटाव तालुक्यात रोखपालाची नोकरी करत होते. दुष्काळात सापडलेल्या लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून मुंबई सरकारने तिथे तलाव खोदायला घेतला होता, त्या कामावरची ही नोकरी होती. म्हणजे ते सरकारचे दुष्काळी काम होते आणि तिथला पैशाचा हिशेब वडिलांच्या हाती होता. १९०१ च्या उन्हाळ्यात घरातली मुले वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरल्यावर त्यांची जात कळली तेव्हा कुणी बैलगाडी देईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही मुलांनी गाडी स्वतः हाकायची या अटीवर. रात्रभर पोरांजवळ जेवण होते, पण पाणी नव्हते. वाटेतल्या टोलनाक्यावर पाणी मागितले, तर तिथल्या माणसाने तुमच्यासाठी इथे पाणी भरून ठेवले आहे काय, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांना परतवले. जेवण तसेच बांधलेले राहिले आणि मुले उपाशी झोपली.

या प्रसंगाकडे आपण अस्पृश्यतेचा अनुभव म्हणून पाहतो, आणि तो तसा आहेच. पण दुष्काळनिवारणासाठी सरकारी खर्चाने तलाव खोदला जात होता, आणि त्या तलावाचा हिशेब ठेवणाऱ्याची मुले वाटेत तहानलेली राहिली. सरकारने पैसा खर्च केला म्हणजे तो सगळ्यांपर्यंत पोचतो, असे मानायला या मुलाला कधी जमले नसेल.

पुढचे शिक्षण तुम्हाला ठाऊक आहे. १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए., त्यात विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती आणि न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. तिथे सार्वजनिक वित्ताचे नामांकित प्राध्यापक एडविन सेलिग्मन त्यांना शिकवायला होते. १९१५ साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था यावर प्रबंध लिहिला. नंतरचा मोठा ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा. तो १९२५ मध्ये लंडनला छापला गेला, त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे.

हा ग्रंथ वाचायला सोपा नाही हे आधीच सांगतो. त्यात आकड्यांचे तक्ते आहेत, कलकत्ता आणि प्रांत यांच्यातल्या पत्रव्यवहाराचा तपशील आहे. पण सूत्र साधे आहे. १८३३ पासून सगळा पैसा वरच्या सरकारच्या हाती गेला. प्रांतांनी खर्च करायचा आणि वरच्यांनी उत्पन्न आणायचे, अशी विभागणी झाली, म्हणून खर्च करणाऱ्याला काटकसरीचे कारण उरले नाही. १८७१ पासून, लॉर्ड मेयोच्या योजनेने, थोडे थोडे अधिकार प्रांतांकडे येऊ लागले. पण बाबासाहेबांच्या मते दोष नुसता वाटपात नव्हता. कर घातक होते आणि खर्च अनुत्पादक होता. जमिनीवर जड सारा आणि गरिबाच्या मिठावर कर असा जमेचा कारभार, तर सैन्य आणि नोकरशाहीवर उधळण. शाळा, कालवे आणि रस्ते यांच्या वाट्याला उरलेसुरले येई.

याच काळातली एक गोष्ट आजही विचार करायला लावते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने दर वर्षी दीड कोटी रुपये दुष्काळविम्यासाठी वेगळे काढायचे ठरवले आणि त्यासाठी नवे कर बसवले. संकट येण्याआधी पैसा बाजूला ठेवायचा, ही कल्पना चांगली होती. पण अफगाण युद्धाचा खर्च अंगावर येताच हा पैसा तिकडे वळल्याची टीका त्याच काळात झाली. दुष्काळाच्या नावाने घेतलेला कर दुष्काळासाठीच राहील याची खात्री कोण देणार? या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी पुढे कायद्यात शोधले, त्याकडे येऊच.

१९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असताना त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्या वेळी सगळे म्हणत होते की तुकडे जोडा, शेती सुधारेल. त्यांचे म्हणणे वेगळे होते. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही. त्यावर राबणारे हात, बैल, अवजारे आणि भांडवल यांचे प्रमाण काय यावर ते ठरते. जमिनीवर माणसांचा भार फार आहे आणि तो उद्योगांनीच हलका होईल. आज मराठवाड्यातला मुलगा दोन एकरांवर पोट भरत नाही म्हणून पुण्याला किंवा आखाताला येतो, तेव्हा हा निबंध आठवावा.

लंडनची डी.एस्सी. त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये मिळवली. रुपयाची क्रयशक्ती टिकली नाही तर मजुरी आणि ठरावीक पगारावर जगणाऱ्यांचे नुकसान होते, हा त्यामागचा एक धागा. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्या कार्यक्रमांतून ती चुकीची सांगितली जाते. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली असे म्हणणे बरोबर नाही. हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३४ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. त्यांचे काम इतके मोठे आहे की त्याला वाढवून सांगायची गरज पडत नाही.

आता १९२७ साल पाहा. त्या एका वर्षावर मला थोडे थांबायचे आहे.

फेब्रुवारीत ते मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य झाले आणि २४ फेब्रुवारीला अर्थसंकल्पावर बोलले. नवखा सदस्य, वय पस्तीस. त्यांनी शेतसारा आणि आयकर शेजारी शेजारी ठेवले. आयकर ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून घेतला जातो. तेव्हा वर्षाला दोन हजार रुपयांपर्यंतच्या मिळकतीला तो लागूच नव्हता आणि एखाद्या वर्षी काही मिळवले नाही तर काही द्यावेही लागत नव्हते. शेतकऱ्याचे तसे नाही. एक एकराचा मालक असो की मोठा जहागीरदार, दर तोच. पीक आले तरी सारा आणि पीक बुडाले तरी साराच. शहरातल्या वकिलाला ऐपतीचा नियम आणि कोरडवाहू कुणब्याला मात्र नाही, हे न्यायाचे कसे, असा त्यांचा सवाल होता. कर मिळकतीबरोबर चढता असावा आणि सगळ्यात खालच्याला त्यातून सूट असावी, अशी त्यांची भूमिका होती.

१२ मार्चला ते शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते, हे त्यांनी सभागृहापुढे मांडले. ज्या गरिबाच्या व्यसनातून तिजोरी भरते, निदान तेवढा तरी पैसा त्याच्या मुलांच्या शाळेवर यावा, एवढीच त्यांची मागणी होती. पंचशील पाळणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ती चटकन पटावी.

आणि आठवड्याभरात, २० मार्चला, महाडचे चवदार तळे.

या दोन घटना आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो, पण त्या एकाच माणसाने एका महिन्याच्या आत केल्या. महाडचा आधार काय होता ते आठवा. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांचा ठराव कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने त्यानुसार १९२४ मध्ये तळे खुले केले, पण ते कागदावरच. माणूस म्हणून समान हक्क बजावण्यासाठी बाबासाहेब ते पाणी प्याले. त्याच हक्काला कायद्याची एक बाजूही होती: सार्वजनिक तळे सगळ्या जनतेचे. म्हणूनच विरोधकांनी पुढे कोर्टात तळे खासगी असल्याचा दावा केला. सार्वजनिक ठरले तर त्यांचा खटला संपत होता. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. उन्हाळा दर वर्षी कडक होत चालला आहे, गावोगावी टँकर फिरतात. टँकर कुठल्या वस्तीपुढे थांबतो आणि कुठल्या वस्तीला ओलांडून जातो, हा चवदार तळ्याचाच प्रश्न आहे.

१९२८ च्या मार्चमध्ये त्यांनी महार वतनाचे विधेयक आणले. आपल्या आजोबा-पणजोबांशी याचा थेट संबंध आहे, पण नव्या पिढीला वतन म्हणजे मान असे वाटते. प्रत्यक्षात ती सरकारची फुकट नोकरी होती. सारा गोळा करताना लोकांना बोलावणे, टपाल पोचवणे, अंमलदाराची सरबराई करणे ही कामे महारांनी रात्री-अपरात्री करायची. त्याचा मोबदला म्हणून हाडकी-हाडवळ्याचा जमिनीचा तुकडा आणि गावाकडून बलुते, आणि बलुते द्यायचे की नाही हे गावाच्या मर्जीवर. वतनी जमिनीवर वर जुडी हा कर होताच. माझ्या हिशेबाने हा श्रमातून घेतलेला कर होता, आणि तो फक्त एका जातीवर बसवलेला होता. बाबासाहेबांचा उपाय हिशेबी होता. बलुत्याऐवजी रोख उपकर बसवा, तो सरकारने साऱ्याबरोबर वसूल करावा आणि त्यातून महारांना रोख पगार द्यावा. ज्याला नोकरीच नको त्याला जमीन ठेवून मोकळे होता यावे. विधेयक समितीकडे गेले, तिथे त्याचे दात काढले गेले आणि शेवटी त्यांनी ते मागे घेतले. १९३९ च्या डिसेंबरात हरेगावला वतनदारांची परिषद भरवून ते पुन्हा याच प्रश्नावर उभे राहिले.

कोकणातली खोती ही त्याच झाडाची दुसरी फांदी. सरकारसाठी सारा गोळा करणारा खोत मध्ये बसून कुळाकडून स्वतःसाठी कितीतरी जास्त घेई. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यात कुणबी होते, महार होते, इतरही होते. खोताचा बोजा जात बघत नव्हता, म्हणून मोर्चाही जातीचा राहिला नाही.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि या खात्यात पाणी आणि वीजही येत होती. १९४३ मध्ये दामोदर नदीला पूर आला. बंगाल आधीच उपासमारीत होता, त्यात कलकत्त्याची रेल्वे तुटली. जुनी पद्धत म्हणजे बांध उंच करा आणि पुढच्या पुराची वाट पाहा. ३ जानेवारी १९४५ च्या कलकत्त्याच्या बैठकीत आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटकच्या बैठकीत बाबासाहेबांनी वेगळी दिशा धरली. पाणी जास्त झाले म्हणून त्याला शत्रू मानू नये, माणूस अति पाण्यापेक्षा पाण्याच्या अभावानेच अधिक सोसतो, म्हणून ते साठवावे. एकाच धरणातून पूर थांबावा, सिंचन व्हावे, वीज मिळावी आणि शक्य तिथे जलवाहतूकही व्हावी. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर होता. १९४८ च्या दामोदर खोरे महामंडळाच्या कायद्यात केंद्र, बंगाल आणि बिहार यांनी खर्च कसा वाटून घ्यायचा हे वीज, सिंचन आणि पूरनियंत्रण अशा कामांनुसार ठरवलेले आहे. नदी राज्याची हद्द मानत नाही, मग तिच्या खर्चाने ती का मानावी? इथल्या आपल्या वादी राबिघवरही धरण आहे, त्या नदीला वर्षातले बहुतेक दिवस पाणीच नसते. पण आलेला पूर अडवून ठेवायचा, हा विचार तोच.

दामोदरची दुसरी बाजू सांगायलाच हवी. ही धरणे १९५० च्या दशकात उभी राहिली आणि त्यांत हजारो कुटुंबांची जमीन गेली, त्यांत संथाळ आदिवासी पुष्कळ होते. बाबासाहेब तोवर त्या खात्यात नव्हते. पण ज्याचे घर बुडाले त्याच्या दारी वीज किती वर्षांनी आली, हा प्रश्न त्यांच्याच कसोटीने विचारावा लागतो.

१९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. शेती राज्याच्या मालकीची, गावाने सामूहिकपणे कसायची, आणि पाणी, बैल, अवजारे, खत, बी-बियाणे यांचा पुरवठा राज्याने करायचा, अशी त्यात मांडणी आहे. तिथे मला दीघनिकायातले कूटदन्त सुत्त आठवते. राजा महाविजिताला महायज्ञ करायचा आहे. त्याचा पुरोहित त्याला थांबवतो. राज्यात लूटमार चालू असताना नवा कर लादणे चूक आहे, शिक्षा देऊनही लूटमार संपणार नाही. जो शेती करतो त्याला बी आणि चारा दे, जो व्यापार करतो त्याला भांडवल दे, जो चाकरी करतो त्याला वेतन दे. मग तिजोरीही भरेल आणि लोक दारे उघडी ठेवून राहतील. हे साम्य मी जोडतो आहे, बाबासाहेबांनी ते तसे जोडले असे माझे म्हणणे नाही. सगळी शेती सरकारी करणे चालले असते का, याबद्दलही मला शंका आहे. पण बियाण्यापासून सुरुवात करायची, हे दोन्हीकडे आहे.

संविधानात ही कलमे रूक्ष दिसतात. कलम २६५: कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही. कलम १४८: नियंत्रक व महालेखापरीक्षक, ज्या पदाला ते फार महत्त्वाचे मानत. सरकारी पैसा निष्ठेने, शहाणपणाने आणि काटकसरीने खर्च व्हावा, हा त्यांचा जुना आग्रह इथे पदाच्या रूपाने आला. दुष्काळविम्याच्या पैशाचे काय झाले, असे विचारायला आता एक स्वतंत्र माणूस नेमलेला आहे. कलम २८०: दर पाच वर्षांनी वित्त आयोग. प्रांतांच्या वित्तावर ग्रंथ लिहिणारा विद्यार्थी मसुदा समितीचा अध्यक्ष असताना हे कलम आले. या आयोगाचे आजचे काम पाहा. २०२१ ते २०२६ साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना कराचा वाटा देताना ४५ टक्के भार राज्य किती मागे आहे यावर ठेवला आणि १० टक्के जंगल व पर्यावरण यावर. राज्यांच्या आपत्ती निधीत ८० टक्के मदतीसाठी आणि २० टक्के संकट येण्याआधीच्या तयारीसाठी राखायला सांगितले. वीस टक्के पुरेसे आहेत असे मला वाटत नाही. तरी दुष्काळ पडायच्या आधी पैसा वेगळा काढायची सक्ती तरी झाली.

पुण्यात किंवा मुंबईत नोकरी केलेल्यांना पगाराच्या स्लिपवरची व्यवसाय कराची दोनशे रुपयांची कपात आठवत असेल. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने १९७५ मध्ये हा कर आणला, तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने द्यायचे आणि दुष्काळी गावातल्या माणसाला बंधाऱ्याच्या, तलावाच्या कामावर मजुरी मिळायची. पीक बुडालेल्याकडून सारा घ्यायच्या ऐवजी पगार मिळणाऱ्याकडून पैसा घेऊन तो पीक बुडालेल्याला द्यायचा. १९२७ च्या भाषणातला नियम इथे उलट दिशेने, म्हणजे योग्य दिशेने, लागू झाला. खंत एवढीच की कलम २७६ मुळे या कराला वर्षाला अडीच हजारांची मर्यादा आहे आणि ती १९८८ पासून हललेली नाही. तेव्हाचा पगार आणि आजचा आयटीतला पगार तुम्हीच ताडून पाहा.

सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. नियोजनाचे काम आपल्याला मिळाले नाही, ही त्यातली एक व्यथा होती. अर्थशास्त्रात दोन विद्यापीठांच्या डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला देशाच्या पैशाचे नियोजन करायला मिळाले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला ते गेले.

खोती १९४९ च्या कायद्याने गेली होती. महार वतन मात्र त्यांच्या हयातीत गेले नाही, त्याचा कायदा १९५८ चा. त्या जमिनी पुढे वतनदारांना परत दिल्या गेल्या, पण शर्तीवर. आजही कित्येकांच्या सातबाऱ्यावर 'महार वतन, वर्ग ६ ब' अशी नोंद आहे आणि ती जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. सुट्टीत गावी जाल तेव्हा घरातल्या मोठ्यांकडून तो सातबारा काढून घ्या आणि नोंद वाचा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मागितलेला रोख पगार ज्या चाकरीबद्दल होता, ती चाकरी याच तुकड्याच्या बदल्यात केलेली आहे.